काच नको, बूथ नको: कोल्हापुरात स्टुडिओ काढताना

प्रश्न असा आहे: राजारामपुरीत घराच्या तळमजल्यावर २० फूट लांब, १२ फूट रुंद, १० फूट उंच अशी खोली रिकामी आहे. कुठल्या कंपनीशी बांधून न घेता इथल्याच कलाकारांचं संगीत करणारा स्टुडिओ काढायचा आहे. हाताशी आठ लाख आहेत. एकाने आराखडा करून दिलाय, मधे काच, पलीकडे कंट्रोल रूम, कोपऱ्यात गायकासाठी ५ बाय ५ फुटांचा बंद व्होकल बूथ. हे बरोबर आहे का, यंत्रं कुठली घ्यावीत आणि यावर घर चालेल का?

आराखडा देणाऱ्याला चहा पाजा आणि आराखडा परत करा. मुंबईत चौरस फुटाला सोन्याचा भाव आहे, तिथे डबिंगसाठी खोकी बांधावी लागतात. तुमच्याकडे वीस फुटांची सलग खोली आहे आणि तुम्ही तिचे तीन तुकडे करायला निघालाय.

बूथचं गणित बघा. आवाज हवेत सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. पाच फुटांवर समोरासमोर असलेल्या दोन भिंतींत जो स्वर अडकून घुमतो, तो ११३ हर्ट्झच्या आसपास येतो. पुरुषाच्या बोलण्याचा पाया नेमका त्याच भागात असतो. त्यात लांबी-रुंदी सारखी, म्हणजे दोन्ही दिशांनी तोच स्वर फुगणार. मग गायक कितीही चांगला असो, आवाज डब्यातून आल्यासारखा येतो, आणि इक्वलायझरने (स्वरांचे भाग कमी-जास्त करणारं साधन) तो भाग कापला की गळ्यातला जीवही कापला जातो. भिंतींना काळा खाचांचा फोम चिकटवून हे जात नाही. एक इंचाचा फोम फक्त वरचे, चमकदार स्वर खातो. खालचा गोंधळ तसाच राहतो आणि आवाज वर मेलेला, खाली घुमणारा असा होतो. अंड्यांच्या ट्रेबद्दल तर बोलायलाच नको. ते अजून कुणी ना कुणी लावतंच.

आता दुसरी गोष्ट, जी मला बूथपेक्षा महत्त्वाची वाटते. एकट्या माणसाचा आवाज रेकॉर्ड करायला आज स्टुडिओ लागत नाही. पोरं घरी, कपाटातल्या कपड्यांपुढे बसून इंटरफेसवर (माईक कॉम्प्युटरला जोडणारा डबा) रॅप करतात आणि बरं करतात. ती तुमच्याकडे कशाला येतील? तुमच्याकडे येईल तो माणूस, ज्याच्याबरोबर अकरा जण आहेत: भजनी मंडळ, शाहीर आणि त्याचे झीलकरी (मागे साथीला गाणारे), हलगी-घुमक्याचा ताफा, धनगरी ओवीवाले, एखाद्या तालमीचं लेझीम पथक. या माणसांना घरात जागा नाही आणि पुण्याच्या स्टुडिओत एवढ्यांनी जायचं तर गाडीभाड्यातच पैसे संपतात. तुमचा धंदा तिथे आहे. खोली त्यांच्यासाठी बांधा.

म्हणून काच काढून टाका. रेकॉर्डिस्टने त्याच खोलीत, कलाकारांबरोबर बसायचं, कानाला बंद हेडफोन लावून. तोटा आहे: तुम्हाला खोकता येत नाही, खुर्ची वाजता कामा नये, आणि टेक चालू असताना स्पीकरवर ऐकता येत नाही. पण शाहिराला काचेपलीकडचा माणूस परीक्षक वाटतो आणि समोर मांडी घालून बसलेला माणूस श्रोता वाटतो. पोवाड्यात हा फरक लगेच कळतो. कॉम्प्युटर मात्र खोलीबाहेर ठेवा, त्याच्या पंख्याचा आवाज कंडेन्सर माईक (बारीकसारीक टिपणारा, नाजूक) सोडत नाही. भिंतीला भोक पाडून लांब केबल घ्या.

या पद्धतीची आपल्या गावाला सवय आहे. प्रभात फिल्म कंपनी १ जून १९२९ रोजी इथेच सुरू झाली आणि १९३२ साली तिचा पहिला बोलपट कोल्हापुरातच तयार झाला. पार्श्वगायन तेव्हा रुळलेलं नव्हतं. नट कॅमेऱ्यापुढे गायचे आणि वाजवणारे चौकटीबाहेर बसून त्याच क्षणी साथ करायचे. त्या बोलपटाचं संगीत गोविंदराव टेंब्यांचं होतं आणि नायकाची भूमिकाही त्यांनीच केली. १९३३ साली प्रभात पुण्याला गेली. कोल्हापूरने घडवायचं आणि पुण्या-मुंबईने न्यायचं, हा प्रकार तेव्हापासूनचा आहे.

खोलीचं काम कसं करायचं ते सांगतो. तुमची लांबी उंचीच्या बरोबर दुप्पट आहे, ही अडचण. २० फुटांचा पहिला घुमणारा स्वर २८ हर्ट्झ, दुसरा ५६. आणि १० फूट उंचीचा पहिलाच ५६. म्हणजे ५६वर दोघं एकत्र येतात. ढोलकीचा धुम (खर्जाची बाजू) आणि ढोलाची खालची बाजू त्याच परिसरात असते. एखादा ठोका भुंकल्यासारखा येईल आणि पुढचा गायब होईल. उपाय स्वस्त आहे, पण जागा खातो. चारही कोपऱ्यांत जमिनीपासून छतापर्यंत जाड ग्लासवूल किंवा रॉकवूल भरा, जितकं जाड तितकं बरं. भिंतींवर त्याच्याच, घनमीटरला ४८ किलो घनतेच्या ४ इंची पाट्या, मागे ४ इंच मोकळी जागा सोडून. छताला मधोमध तसेच पॅनेल टांगा. लाकडी चौकट गावातला सुतार करून देईल आणि वरचं सुती कापड इचलकरंजीहून ठोक आणा, स्टुडिओच्या नावाने विकलं जाणारं कापड महाग पडतं आणि गुण तोच. एकच कसोटी: कापड तोंडाशी धरून फुंकर मारली की आरपार गेली पाहिजे.

सगळ्या भिंती झाकू नका. एक लांब भिंत आणि खालची फरशी उघडी ठेवा, फरशीवर लागेल तेव्हा सतरंजी टाकता येते. टाळ आणि चिपळ्यांना थोडी जिवंत खोली लागते. देवळाच्या सभामंडपात वाढलेला आवाज पूर्ण मेलेल्या खोलीत गायला लागला की गायक घाबरतो आणि ओरडायला लागतो.

बाहेरचा आवाज अडवणं हे वेगळं काम आहे, दोन्हींची गल्लत करू नका. ग्लासवूल घुमणं कमी करते, रस्ता अडवत नाही. रस्ता अडवायला वजन आणि हवाबंद फटी लागतात: जड दरवाजा, त्याला चारही बाजूंनी रबर, मधे हात-दीड हात जागा सोडून दुसरा दरवाजा, खिडकी विटांनी बंद. एवढ्याने रिक्षा आणि कुत्री जातील. गणपतीच्या मिरवणुकीतला डॉल्बी जाणार नाही. तो थांबवायला खोलीत दुसरी खोली बांधावी लागते, त्यात तुमचे दोन-तीन लाख आणि प्रत्येक बाजूची फूटभर जागा जाते. त्यापेक्षा ते दिवस कॅलेंडरवर लाल करून ठेवा आणि त्या आठवड्यात मिक्सिंगची कामं उरका.

वीज हा मुद्दा पोरं शेवटी घेतात. तो आधी घ्या. स्टुडिओसाठी वेगळी अर्थिंग, वेगळी वायर, आणि पंख्याचा रेग्युलेटर किंवा दिव्याचा डिमर त्या लाइनवर नाही. ५० हर्ट्झची घूं एकदा रेकॉर्डिंगमध्ये शिरली की तिच्यामागे लागण्यात रात्री जातात. यूपीएस हवाच. पावसाळ्यात बत्ती गुल होते ती नेमकी चांगल्या टेकला.

एसी बसवा, पण टेक चालू असताना बंद ठेवा. बारा माणसं बसली की खोली भराभर तापते, म्हणून दोन-तीन टेकनंतर दार उघडून चहा. हा चहा वेळापत्रकात धरा.

यंत्रांचं थोडक्यात. आठ चॅनेलचा इंटरफेस, त्याहून कमी चॅनेलचा घेऊ नका. शुअर एसएम ५७ आणि ५८ या जातीचे चार डायनॅमिक, म्हणजे दणकट माईक, छोट्या पडद्याचे दोन जुळे कंडेन्सर, मोठ्या पडद्याचा एक, जमल्यास पुढून-मागून दोन्हीकडचं ऐकणारा. बंद हेडफोन सहा आणि त्यांना वाटणारा अॅम्प. मॉनिटर, म्हणजे ऐकायचे स्पीकर, पाच किंवा साडेसहा इंची, आठ इंची नको, खोली त्यांना पुरणार नाही. रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर रीपर घ्या, स्वस्त आहे आणि परवाना खरा असतो. स्टँड उद्यमनगरात वेल्डिंग करून घ्या आणि बूड ओतीव लोखंडाचं मागा. फाउंड्रीच्या गावात राहून हलके चिनी स्टँड घ्यायचे आणि नाचणाऱ्या झीलकऱ्याने ते पाडायचे, याला काही अर्थ नाही. आठ लाखांतले साडेतीन खोली आणि विजेला, अडीच यंत्रांना, उरलेले दोन बँकेत. पहिले सहा महिने ते लागतील.

आता रेकॉर्डिंगकडे येतो, कारण इथेच शहरातून शिकून आलेली पोरं अडतात.

हलगी आली की तिच्याबरोबर शेकायची सोय आली. कातडं तापवल्याशिवाय ती बोलत नाही आणि एसीच्या खोलीत काही मिनिटांत उतरते. अंगणात कागद-पालापाचोळा पेटवायला जागा करून ठेवा, पाण्याची बादली जवळ. तापवून आणली की लगेच टेक. आवाज तपासायला दहा मिनिटं घालवलीत तर परत शेकायला जावं लागतं, म्हणून लेव्हल दुसऱ्या हलगीवर आधी लावून घ्या. हलगीचा ठोका इतका तीक्ष्ण असतो की मीटर दाखवतो त्याहून जास्त जागा सोडावी लागते. २४ बिटवर रेकॉर्ड करताय, तेव्हा सर्वात मोठा ठोका उणे १२ डेसिबलच्या खाली राहिला तरी काही बिघडत नाही. डायनॅमिक माईक तीन-चार फुटांवर, आणि वाजवणारा बाकीच्यांपासून दूर, खोलीच्या दुसऱ्या टोकाला. अगदी तोंडाशी माईक नेला की नुसती काडी ऐकू येते.

पखवाजाच्या धुमेला कणीक लावलेली असते. ती सुकत जाते तसा बाज बदलतो. पहिला आणि पाचवा टेक जोडायला गेलात की दोन वेगळे पखवाज वाटतात. पखवाजियाला मधे कणीक भिजवायला वेळ द्या आणि टेक जोडायचेच तर शेजारशेजारचे जोडा. पावसाळ्यात उलट होतं, कुठलंच पान (वाद्याचं कातडं) ओढ धरत नाही. जून ते सप्टेंबर कंडेन्सर माईक हवाबंद डब्यात, सिलिका जेलसकट ठेवा. माईकचं दमट कॅप्सूल आधी चरचरतं, मग मरतं.

भजनी मंडळाला क्लिक (हेडफोनमधली ठरावीक लयीची टिकटिक) देऊ नका. अभंगाची लय चढत जाते, ती चढायलाच हवी. क्लिकवर बसवलेलं भजन सुरात असतं, तालात असतं आणि कुणालाही परत ऐकावंसं वाटत नाही. मग एडिटिंग अवघड होतं, हे खरंय. म्हणून एकेक ओळ शिवण्यापेक्षा पूर्ण टेक तीनदा घ्या आणि त्यांतला एक निवडा. पट्टी मात्र आधीच पक्की करा. रात्री देवळात काळी चारमध्ये चढणारा बुवा सकाळी दहाला स्टुडिओत त्याच पट्टीत चिरतो. सकाळचं काम असेल तर एक स्वर खाली, आणि पेटीवाल्याला त्याची कल्पना आदल्या दिवशी.

पोवाड्यात ‘जी जी रं जी’ नंतर वेगळं घेऊन चिकटवणारे आहेत. करू नका. झीलकरी शाहिराचा श्वास बघून शिरतात. सगळ्यांना अर्धगोलात उभं करा, शाहीर मधे, झीलकरी त्याच्या मागे चार पावलं. अंतराने मिक्स होतं, नंतर आवाज कमी-जास्त करणाऱ्या फेडरला फारसं काम उरत नाही. हेडफोन कुणाला नको असेल तर आग्रह धरू नका.

काही मंडळी स्टुडिओत आणूच नयेत. धनगरी ओवी आणि गजनृत्य बंद खोलीत निम्मं राहतं. पट्टणकोडोलीच्या यात्रेत जाऊन घ्यायचं असेल तर हातातला रेकॉर्डर, जाड फरचं आवरण आणि वर पातळ कापड. तिथे भंडारा इतका उधळला जातो की माईकच्या जाळीत हळद बसते आणि ती निघता निघत नाही.

घर चालेल का? गाण्यावर नाही चालणार, आवाजावर चालेल. रिक्षावरची जाहिरात, दवाखान्याचा फोन-संदेश, शाळेच्या गॅदरिंगला गाणी जोडून देणं, नेत्याच्या वाढदिवसाचं गीत, शॉर्ट फिल्मचं डबिंग, निवडणूक. ही कामं हलकी समजू नका, त्यांचंही कसब आहे. रिक्षाचा भोंगा खालचा आवाज देतच नाही. ३०० हर्ट्झच्या खालचं सगळं कापून टाका, संगीत दबवा, निवेदकाला सावकाश बोलायला लावा. रिक्षा पुढे जात असते, ऐकणाऱ्याला दीड वाक्य मिळतं, त्यात उमेदवाराचं नाव आणि चिन्ह आलं पाहिजे. याउलट ‘डॉल्बीला हाणायला’ मागतात तेव्हा खालची बाजू मोनो ठेवा आणि ३०-३५ हर्ट्झखालचं काढून टाका, नाहीतर अॅम्पची ताकद न ऐकू येणाऱ्या आवाजात जाते. तेच गाणं यूट्यूबवर टाकायचं असेल तर वेगळी प्रत करा. तिथे उणे १४ एलयूएफएसहून (आवाजाच्या मोठेपणाचं माप) मोठं गाणं तिथवर खाली आणलं जातं, दाबून मोठं केलेलं गाणं तिथे फक्त सपाट वाटतं.

निवडणुकीचे पैसे आधी घ्यायचे. पडला तर पैसे बुडतात आणि निवडून आला तर माणूस भेटत नाही. बाकीच्यांकडून अर्धे आगाऊ, उरलेले मिळाल्यावरच पूर्ण फाइल. मंडळांची वर्गणी जमायला वेळ लागतो, त्यांना तारीख द्या, पण मास्टर, म्हणजे अंतिम प्रत, देऊ नका.

याशिवाय एक काम आहे जे फार कमी लोक करतात: जुन्या कॅसेट. या जिल्ह्यात घराघरांत कीर्तनं, शाहिरी कार्यक्रम, देवल क्लब या इथल्या संगीत संस्थेतल्या बैठकी, आजीच्या जात्यावरच्या ओव्या पडून आहेत. चांगला कॅसेट डेक दुरुस्त करून ठेवा. प्रत्येक कॅसेट आधी एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवा, हेड (टेप वाचणारा भाग) आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, मग हेडचा कोन कानाने जुळवा. टेप ज्या मशीनवर भरली त्याचा कोन तुमच्या डेकसारखा नसतो. स्क्रू हळू फिरवत टाळांची चमक सर्वांत जास्त येईल तिथे थांबा. पांढरी बुरशी दिसली तर ती कॅसेट चांगल्या डेकमध्ये घालायची नाही, तिच्यासाठी एक भंगार डेक वेगळा. आवाज साफ करताना हात आखडता घ्या. खरखर थोडी राहिली तर चालते, गळा प्लॅस्टिकचा झाला तर नाही. अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारात गायले, त्यांच्या गाण्याची ध्वनिमुद्रिका आपल्यापाशी नाही. त्यांच्या शिष्या केसरबाई केरकरांचा आवाज १९७७ साली व्हॉयेजर यानाबरोबर अंतराळात गेला. कॅसेट घेऊन येणाऱ्याला मी हे सांगतो, मग तो दराची घासाघीस कमी करतो.

‘कंपनीशी बांधून न घेता’ म्हणताय, तर कागद स्वतःचे करावे लागतील. ग्राहकाने तासाचे पैसे दिले तर ध्वनिमुद्रणाचा मालक तो, तुम्ही कारागीर. तुम्ही स्वतः पुढाकार आणि जबाबदारी घेऊन गाणं केलंत तर निर्माते तुम्ही. पहिल्या टेकआधी एका पानावर हे लिहून सही घ्या, सगळं गोड आहे तोवरच; नंतर भाऊबंदकी होते. कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्क लिहून देताना मुदत घातली नाही तर ती पाच वर्षं धरली जाते आणि प्रदेश घातला नाही तर फक्त भारत. २०१२च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा सहज लिहून घेता येत नाही, आणि घेऊही नये. पारंपरिक आरती किंवा अभंग कुणाच्या मालकीचा नाही, तरी यूट्यूबवर दावा येतो, कारण दुसऱ्या कुणी तीच चाल आधी चढवलेली असते आणि यंत्राला चाल ओळखीची वाटते. घाबरायचं नाही. मूळ सेशन, तारखेसह, जपून ठेवलेलं असलं की दाव्याला उत्तर देता येतं. प्रत्येक सेशनच्या दोन प्रती, एक दुसऱ्या घरात आणि वरच्या मजल्यावर. २०१९ आणि २०२१चा पंचगंगेचा पूर ज्यांच्या तळमजल्यात शिरला त्यांना हे सांगावं लागत नाही. राजारामपुरी उंचावर आहे, पण हार्ड डिस्क पुराशिवायही मरते.

राहता राहिला मुहूर्त. गणपतीची गाणी आषाढात मागायला येतात, अंबाबाईची भाद्रपदात, शिवजयंतीचे पोवाडे पौषापासून, जोतिबाची ‘चांगभलं’वाली माघ-फाल्गुनात, कारण यात्रा चैत्र पौर्णिमेला. आषाढाआधी स्टुडिओ उभा राहत असेल तर आत्ताच गवंडी लावा. नाहीतर थेट दसऱ्यानंतर. पावसात ओली राहिलेली भिंत ग्लासवूलने झाकलीत तर दिवाळीपर्यंत आतून कुबट वास सुटेल आणि सगळी कापडं उतरवावी लागतील.